स्वयंसेवकांच्या नव्या टीमप्रमुखासाठी: कुणाला काय येतं, ते असं शोध

"तुम्हाला काय येतं?" असा फॉर्म वाटू नकोस. निम्मे लोक "विशेष काही नाही" लिहितात, आणि ते खोटं नसतं. रोजचं काम कुणाला कौशल्य वाटतच नाही. त्यापेक्षा चहा घेताना विचार, "शेजारपाजारचे तुमच्याकडं कशासाठी येतात?" मग कळतं, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या मावशी तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलतात. आरोग्य शिबिरात डॉक्टरांशेजारी त्यांनाच बसव.

एक साधी वही ठेव: नाव, काय येतं, वेळ कधी असतो, आणि काय करायचं नाही. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आठवडाभर हिशेब लिहिणाऱ्याला रविवारी पुन्हा खतावणीच दिलीस तर तो महिन्यात गायब. (त्याला कदाचित पोरांना गोष्टी सांगायच्या असतील.) फोन नंबर मात्र विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नकोस.

शिकवायचं कसं? मासिक बैठकीआधी अर्धा तास एकानं करून दाखवायचं, बाकीच्यांनी हातानं करून बघायचं. भाषण नको. प्रथमोपचाराची पाळी डिसेंबरातच लाव. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की कुणालाच उसंत नसते.