लॅपटॉपवरून गिटार वाजवायची असेल तर इंटरफेस कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला आहे. मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांत आणि कुडाळ-सावंतवाडीकडच्या लग्नसमारंभांत तुमचा तिघांचा चमू वाजवतो. अँप्लिफायर आणि पेडलांचे ओझे टाळून विंडोज लॅपटॉपवरच्या अँप-सॉफ्टवेअरमधून गिटार थेट मिक्सरला द्यावी, असा तुमचा विचार आहे. त्यासाठी खोक्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असे ठळक छापलेला चार इनपुटांचा स्वस्त इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारे आणि परत बाहेर काढणारे यंत्र) घ्यावा, की त्याच किमतीत दोनच इनपुट देणारा जरा नावाजलेला, हे ठरत नाही. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. मात्र त्याचे कारण नाव नसून त्या यंत्राबरोबर येणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांना जोडणारे सॉफ्टवेअर, आहे, आणि बाकी सगळे गुण त्यानंतर पाहावेत असे मला वाटते.

१९२ किलोहर्ट्झचा, म्हणजे सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्याचा) मुद्दा आधी निकालात काढू. प्रत्यक्ष कार्यक्रमात ४८ किलोहर्ट्झ पुरेसे असते. सॅम्पल रेट दुप्पट केला की लॅपटॉपवरचे काम जवळजवळ दुप्पट होते, आणि मंडपात तापलेल्या लॅपटॉपला ते परवडत नाही. तो आकडा विक्रेत्याच्या कामाचा आहे, वाजवणाऱ्याच्या नव्हे.

आता विलंबाविषयी, म्हणजेच लेटन्सीविषयी. तार छेडल्यापासून आवाज स्पीकरपर्यंत पोहोचेपर्यंत सिग्नल आधी डिजिटल होतो, एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमतो, सॉफ्टवेअरमधून जातो, दुसऱ्या बफरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा अ‍ॅनालॉग होतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा एक बफर २.६७ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे जाण्यायेण्याचे दोन बफर मिळून ५.३ मिलिसेकंद होतात. त्यात रूपांतराचा वेळ मिळवावा लागतो, आणि ड्रायव्हरने स्वतःच्या सोयीसाठी राखलेले, पडद्यावर न दिसणारे बफरही. चांगल्या आणि सुमार इंटरफेसमधला खरा फरक या शेवटच्या भागात असतो. दोन यंत्रांवर तोच १२८ चा आकडा लावला, तरी एकाचा एकूण विलंब आठ मिलिसेकंद आणि दुसऱ्याचा पंधरा-सोळा येऊ शकतो. आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे दहा मिलिसेकंद म्हणजे अँपपासून साडेतीन मीटरवर उभे राहून वाजवणे. तेवढे बहुतेकांच्या हाताला चालते. मात्र तुमचा मॉनिटर स्पीकर तीन मीटर लांब ठेवलेला असेल तर ते आणखी नऊ मिलिसेकंद त्यात मिळतात, हे हिशेबात धरावे. द्रुत लयीत, विशेषतः ढोलकीबरोबर वाजवताना, ते बोटांना लगेच जाणवते.

म्हणून विंडोजवर वापरायच्या इंटरफेसला निर्मात्याने स्वतः लिहिलेला एसिओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवणाऱ्या प्रकारचा) आहे की नाही, हे पहिले पाहावे. एसिओ-फोर-ऑल हा सर्वांसाठीचा पर्यायी ड्रायव्हर फुकट मिळतो आणि घरी सराव करायला तो ठीक आहे, पण तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर घातलेले आवरण आहे. मंचावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. उदाहरणच द्यायचे तर बेहरिंगरचा यूएमसी२२ हा स्वस्त इंटरफेस स्वतःच्या एसिओ ड्रायव्हरशिवाय येतो, तर त्याच कंपनीच्या यूएमसी२०२एचडीला तो आहे. किमतीतला तो फरक कामासाठीच मोजलेला असतो. मॅकबुक असता तर त्यातल्या कोअर ऑडिओ या अंगभूत ध्वनिव्यवस्थेमुळे या प्रश्नाची धार बरीच कमी झाली असती.

इंटरफेस घेण्याआधी तुमचा लॅपटॉपच या कामाला लायक आहे का, तेही तपासा. लेटन्सीमॉन नावाचे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून नेहमीचे अँप-सॉफ्टवेअर अर्धा तास चालवावे. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो, ते त्यात दिसते. बहुतेक वेळा वाय-फाय किंवा बॅटरीचे व्यवस्थापन दोषी निघते. कार्यक्रमाच्या वेळी वाय-फाय आणि ब्ल्यूटूथ बंद, पॉवर मोड सर्वोच्च, यूएसबीची वीज बचत बंद आणि विंडोजची अद्यतने थांबवलेली, एवढे तरी करावेच. इंटरफेस हातात आला की त्याचे आउटपुट त्याच्याच इनपुटला एका केबलने जोडून आरटीएल युटिलिटीसारख्या साधनाने प्रत्यक्ष विलंब मोजावा, कारण ड्रायव्हर सांगतो तो आकडा आणि खरा आकडा नेहमी जुळतोच असे नाही. दुकानदाराने परत घेण्याची मुदत दिली असेल, तर त्या मुदतीतच हे उरकावे.

‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाच्या बटणावर ‘शून्य विलंब’ असे लिहिलेले दिसेल, त्याला भुलू नये. त्यातून ऐकू येते ती लॅपटॉपपर्यंत न गेलेली कोरडी गिटार, आणि तुम्हाला तर सॉफ्टवेअरमधून आलेला आवाज हवा आहे. मंचावर ते बटण बंदच असावे, नाहीतर कोरडा आणि रंगवलेला असे दोन्ही आवाज एकमेकांवर चढून वाजतात.

इनपुटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे आवाज बिघडला तर पुढे कितीही महागडे सॉफ्टवेअर तो सुधारू शकत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा साधा, बॅटरी नसलेला पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. त्याला सुमारे १ मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो, आणि ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेले इनपुट तसे असते. तीच गिटार दहा किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली की वरचे स्वर मरतात आणि आवाज मंद, चिखलासारखा होतो. अकूस्टिक गिटारमध्ये प्रीअँप नसलेला पिझो पिकअप असेल तर प्रकार उलटा होतो. पिझो हा कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे कमी रोधाच्या इनपुटला त्याचा खर्ज उडतो आणि उरतो तो पत्र्यासारखा करकरीत आवाज. त्याला १ मेगाओहमही कधीकधी अपुरे पडतात, म्हणून वेगळा, १० मेगाओहमचा छोटा प्रीअँप मध्ये घालावा. गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर ही चिंता नाही.

याच ठिकाणी आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. इन्स्ट्रुमेंट इनपुट जास्तीत जास्त किती डीबीयू (सिग्नलच्या पातळीचे एकक) सहन करतो, ते तांत्रिक माहितीत दिलेले असते. जोरकस हंबकर (दोन वेटोळ्यांचा) पिकअप असलेल्या गिटारने जोरात आघात केला की कमी क्षमतेचा इनपुट गेन (सिग्नल वाढवण्याचे बटण) शून्यावर असतानाही फाटतो, आणि तो फाटका आवाज काही अँपच्या गोड विरूपणासारखा नसतो. १२ डीबीयूच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल तर काळजी नको.

आउटपुटच्या बाजूने मिक्सर येतो, आणि आपल्याकडे मिक्सर म्हणजे साउंडवाले. त्यांच्या हातात केबल देण्याआधी एक गोष्ट विचारावी: फँटम पॉवर (मिक्सर माइकला केबलमधूनच पुरवतो ती वीज) चालू आहे का? अनेक छोट्या मिक्सरांवर ४८ व्होल्टचे एकच बटण सगळ्या माइक चॅनेलांना लागू असते. गायकाचा कंडेन्सर माइक चालावा म्हणून ते दाबलेले असेल आणि तुमच्या इंटरफेसचे आउटपुट एक्सएलआर केबलने थेट त्या मिक्सरला लावलेले असेल, तर ते ४८ व्होल्ट उलटे तुमच्या आउटपुटवर येतात. ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला देणारी छोटी पेटी) मध्ये असला की हा धोका टळतो, आणि घरघरीचाही बंदोबस्त होतो.

घरघरीचे मूळ बहुधा लॅपटॉपच्या चार्जरमध्ये असते. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्यातून अगदी किंचित गळती प्रवाह सुटतो. तीन पिनांचा असेल तर लॅपटॉपचे अर्थिंग आणि मिक्सरचे अर्थिंग यांचे वेटोळे तयार होते. कोणत्याही प्रकारे ५० किंवा १०० हर्ट्झची घुंई ऐकू येते. आपल्या भागात सड्यावर, जांभ्याच्या कातळावर मंडप घातलेला असतो आणि तिथे अर्थिंगची सळई नीट जमिनीत जातच नाही, त्यामुळे हा त्रास अधिक. चार्जर काढून पाहावा. घुंई थांबली तर दोष त्याचाच. मग डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका वापरावा. प्लगची अर्थ पिन मोडून टाकण्याचा उपाय मात्र कोणीही सुचवला तरी करू नये, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आणि चार्जर काढूनही घुंई तशीच राहिली, पण गिटार घेऊन थोडे वळल्यावर कमीजास्त होऊ लागली, तर तो इंटरफेसचा दोष नव्हे. सिंगल-कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप शेजारच्या डिमरवरच्या दिव्यांचा आवाज पकडतो आहे.

विजेच्या बाबतीत माझे मत जरा वेगळे आहे. स्टुडिओवाले स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरचा इंटरफेस चांगला मानतात. कोकणात मात्र मी यूएसबीवरच चालणारा घेईन. लाइट गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत मधली दोन मिनिटे गेली, की अ‍ॅडॉप्टरवरचा इंटरफेस बंद पडून पुन्हा सुरू होतो. सॉफ्टवेअरला तो सापडत नाही आणि तुम्हाला लोकांसमोर सेटिंग उघडून बसावे लागते. यूएसबीवरचा इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवर जिवंत राहतो, आणि स्पीकर परत चालू झाले की तुम्ही पुढच्या ओळीपासून वाजवू शकता. त्याला लॅपटॉपच्या पोर्टातच लावावे, स्वस्त हबमध्ये नव्हे. केबल आखूड असावी आणि टेबलाला टेपने बांधलेली असावी.

खाऱ्या हवेबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! जॅक हिरवे पडतात, गेनचे बटण फिरवताना खरखरते. सिलिका जेलच्या पिशव्या घातलेला हवाबंद डबा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, एवढे पुरते.

किती इनपुट हवेत, हे तुमच्या चमूवरून ठरते. गायकाचा माइक थेट मिक्सरला जात असेल तर तुम्हाला एकच गिटार इनपुट लागतो, आणि दुसरा राखीव. त्यापेक्षा आउटपुट मोजा. तुम्ही आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवत असाल आणि ढोलकीवाल्याला कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) द्यायचा असेल, तर चार आउटपुट लागतात, कारण क्लिक प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये. अशा वेळी मोटूचा एम४ किंवा फोकसराइटचा स्कार्लेट ४आय४ पाहावा. क्लिक नसेल तर मोटू एम२ माझी पहिली पसंती: ड्रायव्हर चपळ आहे, पातळी दाखवणारा छोटा पडदा अंधारातही दिसतो आणि मागे चालू-बंदचा खटका आहे. बजेट ताणणार नसेल तर स्कार्लेट सोलोही चालेल. आरएमईच्या बेबीफेस प्रोचे ड्रायव्हर या क्षेत्रात नावाजलेले आहेत, पण तो तुमच्या कामासाठी फार महाग आहे.

लॅपटॉप अडला तर काय, याची सोय मात्र हवीच. लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प हा पेडल स्वतः यूएसबी इंटरफेसही आहे, म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी त्याच्यातलाच अँप वाजत राहतो. मात्र किंमत बरीच आहे. तितका खर्च नको असेल तर एखादा जुना, साधा मल्टिइफेक्ट पेडल पिशवीत ठेवावा आणि कार्यक्रमाआधी त्याचा आवाज मिक्सरवर एकदा बसवून घ्यावा.

लॅपटॉपचे मॉडेल आणि तुम्ही कोणते अँप-सॉफ्टवेअर वापरता, ते प्रश्नात आलेले नाही. लेटन्सीमॉनने अर्ध्या तासानंतर दाखवलेल्या निकालासह ते इथेच लिहिलेत, तर ६४ सॅम्पलवर जाता येईल की १२८ वरच थांबावे लागेल, हे सांगता येईल.