कवटीवाला पतंग

प्रश्न: डेथ्स हेड हॉकमॉथ असं एका पतंगाचं नाव वाचलं. अर्थ काय? आणि हे एकाच जातीचं नाव आहे का?

उत्तर: डेथ्स हेड म्हणजे माणसाची कवटी. या पतंगाच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, कवटीसारखा दिसणारा पिवळट डाग असतो, नाव त्यावरून पडलं. हॉक म्हणजे ससाणा, आणि ते नाव एकट्या याचं नाहीये, वेगात उडणाऱ्या सगळ्या कुळालाच हॉकमॉथ म्हणतात, त्यांनाच स्फिंक्स मॉथ पण म्हणतात कारण यांच्या बऱ्याच अळ्या डोकं वर उचलून स्फिंक्सच्या पुतळ्यासारख्या बसतात.

एक जात नाही, तीन आहेत. अ‍ॅट्रोपोस युरोप आणि आफ्रिकेत, स्टिक्स आणि लॅकेसिस आशियात (भारतातही). त्यामुळे नुसतं डेथ्स हेड म्हटलं की नेमका कोणता ते कळत नाही, फोटोखाली लिहिताना शास्त्रीय नाव टाकलेलं बरं. शास्त्रज्ञांनी पण नावं ठेवताना भीतीच वाढवलीय बघा, अ‍ॅट्रोपोस ही ग्रीक कथांमधली आयुष्याचा धागा कापणारी देवी, लॅकेसिस तो धागा मोजणारी, स्टिक्स मृतांच्या राज्यातली नदी, आणि तिघांचं प्रजातीनाव अ‍ॅकेरोंशिया, तेही तिथल्याच अ‍ॅकेरॉन नदीवरून!

प्रत्यक्षात प्राणी निरुपद्रवी, चावत नाही, डंख नाही. फक्त मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि डिवचला की सोंडेतून हवा सोडून चक्क चीं-चीं करतो.