ड्रबिंग: मार की पराभव?

इंग्रजी बातम्यांत येणाऱ्या ‘ड्रबिंग’ या शब्दाचा अर्थ मारहाण की पराभव, असा प्रश्न आहे. मूळ अर्थ काठीने बदडणे हाच. आज मात्र तो बहुतेक वेळा सपाटून झालेल्या पराभवासाठी वापरतात.

‘ड्रब’ हे क्रियापद इंग्रजीत 1630च्या दशकात, पूर्वेकडच्या मुसलमानी देशांच्या प्रवासवर्णनांतून आले. तिथे तळपायांवर छड्या मारण्याची शिक्षा असे, तिच्या संदर्भात. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ बहुधा अरबी ‘दर्ब’, म्हणजे प्रहार, असे मानतात. ते खरे असेल तर आपली ‘जरब’ त्याची सख्खी बहीण ठरते. या अरबी शब्दातले पहिले अक्षर तुर्कीत ‘द’सारखे, तर फारसीत ‘झ’सारखे उच्चारतात. मराठीत तो फारसीमार्गे आला, म्हणून ‘ज’. आपल्याकडे प्रहार मागे पडून त्याचा धाक उरला. इंग्रजीत मार राहिला आणि पुढे त्याचा अर्थ पराभव असा झाला. हा अर्थप्रवास मला फार देखणा वाटतो.

वापरताना नामरूपच घ्यावे, आणि त्याआधी ‘अ’ हे उपपद हवेच. हरणारा ‘टेक अ ड्रबिंग’, जिंकणारा ‘गिव्ह अ ड्रबिंग’. नुसते ‘ड्रब’ क्रियापद आज कमी दिसते. क्रियापदच हवे असेल तर ‘थ्रॅश’ जास्त रुळलेले आहे. निसटत्या पराभवाला हा शब्द चालत नाही. 2 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर श्रीलंकेचा डाव 55 धावांत आटोपला आणि भारत 302 धावांनी जिंकला, ते खरे ड्रबिंग. शेवटच्या चेंडूवर गेलेल्या सामन्याला तो लावणे चूक. निवडणुकीतही हेच माप. फक्त शाब्दिक टीका असेल तर ‘लॅम्बेस्ट’ म्हणावे, आणि चाबकाच्या शिक्षेला ‘फ्लॉगिंग’.

मराठीत आणताना ‘सपाटून मार खाल्ला’ हा प्रयोग सर्वांत जवळचा, कारण तो अंगावरच्या माराला आणि मैदानावरच्या हारीला सारखाच लागू पडतो. ‘धुव्वा उडवला’ जिंकणाऱ्याच्या बाजूने उत्तम. पण त्यात छडी नाही, त्यामुळे खऱ्या मारहाणीच्या वाक्यात तो बसत नाही. तिथे ‘चोप दिला’ किंवा ‘बदडून काढले’ लिहावे. ‘दारुण पराभव’ बरोबर आहे, पण बातमीत त्याची धार आता बोथट झाली आहे.

उच्चार ‘क्लब’मधल्या ‘अ’सारखा, ‘ड्रुबिंग’ नव्हे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ब’चे अक्षर दोनदा येते आणि ‘र’ गळला तर शब्द ‘डबिंग’ होतो.