जुन्या गाडीच्या सीट फाटल्या, दबल्या आहेत; कमी खर्चात काय करता येईल?

कव्हर घ्यायला धावू नका. आधी ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दाबून बघा. चढता-उतरता सगळा भार तिच्यावर येतो, म्हणून जुन्या वॅगन-आर किंवा सँट्रोत तीच आधी बसते. फोम बसलेला असेल तर वरून कितीही भारी कव्हर घाला, कंबर दुखायची ती दुखणारच.

अशा वेळी सीट सोडवून (बहुतेक गाड्यांत चार बोल्ट असतात) गल्लीतल्या कुशनवाल्याकडे न्या. तो दबलेला भाग कापून तिथे कडक फोमचा तुकडा चिकटवतो आणि फाटलेली पट्टी तेवढीच बदलून शिवतो. अख्खी सीट नव्याने मढवण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं. मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाडीची सीटही मिळू शकते, मात्र मॉडेल तेच हवं आणि घेण्याआधी तिच्यावर बसून बघा.

कापड नुसतंच मळलं असेल तर व्हॅक्यूम, कोमट पाण्यात थोडा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे. पाणी ओतू नका. फोम आतून ओला राहिला की कुबट वास महिनाभर जात नाही. पावसाळ्यात तर हा उद्योग नकोच.

कव्हरच घालायचं तर कापडी घ्या. स्वस्त रेक्झिन मे महिन्यात पाठीला चिकटतं. आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तो भाग झाकणारं कव्हर अजिबात नको.