टीफलिंग सॉर्सररने वारसा कोणता घ्यावा?

तुझा प्रश्न आधी नीट मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरी तुम्ही चौघं आणि डीएम (गोष्ट चालवणारा) मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं साकारत फासे टाकून खेळायचा, नवा खेळ सुरू करताय. नियम २०२४ चे, सुरुवात पहिल्या लेव्हलपासून. बाकी तिघं फायटर (लढवय्या), रोग (लपून वार करणारा) आणि क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) घेणार आहेत. तुला सॉर्सरर, म्हणजे अंगातच जादू असलेली जादूगार, व्हायचंय. वारसा इन्फर्नल टीफलिंगचा (टीफलिंग म्हणजे शिंगं-शेपटीचा, सैतानी वारशाचा वंश), आणि तिसऱ्या लेव्हलला ड्रॅकोनिक सबक्लास (सॉर्सररचा ड्रॅगनशी जोडलेला पोटप्रकार) घेऊन ड्रॅगनही आगीचाच. डीएमनं एवढंच सांगितलंय की गोष्ट एका संस्थानात घडते, राजाला गादीवरून उतरवलंय आणि आता कुणाला बसवायचं यावरून दरबारात कारस्थानं चालू आहेत. आणि तू विचारतेस, "ताई, अंगभर आग हे बरोबर आहे ना, की आसिमार घेऊ?" आसिमार म्हणजे दैवी वारशाचा वंश.

माझं मत असं: टीफलिंग घे, आगीचा ड्रॅगनही घे, पण इन्फर्नल सोड आणि टीफलिंगचाच दुसरा, डीमनांचा वारसा अ‍ॅबिसल घे. मागचा हिशेब सविस्तर सांगते, तो पुढच्या पात्रालाही उपयोगी पडेल.

आधी एक जुनी समजूत बाजूला करू. २०१४ च्या नियमांत टीफलिंगला करिष्मा (सॉर्सररची जादू ज्यावर चालते तो आकडा) +२ मिळायचा, त्यामुळे सॉर्सरर म्हटलं की लोक डोळे झाकून टीफलिंग घ्यायचे. २०२४ मध्ये हे आकडे बॅकग्राउंडकडे (पात्राच्या पूर्वायुष्याकडे) गेले. आता कुठल्याही वंशाचा सॉर्सरर तितकाच तगडा होतो, म्हणून वारशाकडे फक्त त्याच्या गुणांसाठी बघायचं. आणि तिथे मी एकच गोष्ट तपासते: माझा क्लास मला जे कधीच देणार नाही, किंवा मोजकी जागा खर्च करायला लावून देईल, ते या वारशातून मिळतंय का?

इन्फर्नलमध्ये तुझा तोटा इथेच होतो. इन्फर्नल टीफलिंगला पहिल्या लेव्हलपासून आगीला रेझिस्टन्स असतो, म्हणजे आगीचं डॅमेज निम्मं लागतं. ड्रॅकोनिक सॉर्सररला सहाव्या लेव्हलला एलिमेंटल अ‍ॅफिनिटी मिळते. तिथे डॅमेजचा एक प्रकार निवडायचा. त्या प्रकाराला रेझिस्टन्स मिळतो आणि त्या प्रकारचा स्पेल (मंत्र) टाकताना एका डॅमेज रोलमध्ये करिष्मा मॉडिफायर (करिष्म्यातून येणारा जादा आकडा) मिळवता येतो. एकाच प्रकारचे दोन रेझिस्टन्स आले म्हणून निम्म्याचं पाव होत नाही, नियम दोन्ही मिळून एकच धरतो. म्हणजे सहाव्या लेव्हलनंतर तुझ्या वारशातला सगळ्यात ठोस गुण नुसता कागदावर उरेल.

आता इन्फर्नलचे स्पेल बघ. तिसऱ्या लेव्हलला हेलिश रिब्यूक मिळतो. कुणी तुला मारलं की रिअ‍ॅक्शन वापरून त्याला आगीनं उलट भाजायचं. वाचायला झकास. पण रिअ‍ॅक्शन एका फेरीत एकच असते, सॉर्सररचा हिट डाय डी६ (म्हणजे जीव थोडका), आणि तुझ्या स्पेलांच्या यादीत वार चुकवणारा शील्ड आहे, तोही रिअ‍ॅक्शनवरच. अंगावर वार आला असताना उलट भाजणं आणि तो वार चुकवणं यात, डी६ वर जगणाऱ्यानं जवळजवळ दर वेळी चुकवणंच निवडावं. पाचव्या लेव्हलला डार्कनेस मिळतो. हा जादूचा अंधार आहे, साध्या डार्कव्हिजनला (अंधारात दिसण्याच्या शक्तीला) त्यातलं काही दिसत नाही. डेव्हिल्स साइट (जादूच्या अंधारातही दिसण्याची शक्ती) घेतलेल्या वॉरलॉक या क्लासच्या हातात तो भयंकर हत्यार आहे. तुमच्याकडे वॉरलॉक नाही. फायटर आणि रोगच्या डोक्यावर तू तो टाकलास तर शत्रूइतकेच तेही आंधळे होतील, आणि ते टेबलावर तुला सोडणार नाहीत.

याहून मोठी अडचण गोष्टीतून येते. इन्फर्नल वारसा म्हणजे नरकातल्या डेव्हिलांचा वारसा. चांगला डीएम कधी ना कधी तुझ्या रक्ताचा तो पूर्वज, निदान त्याचा एखादा हस्तक, समोर आणणारच. तो आणावाच, त्यासाठीच तर वारसा घ्यायचा. पण डेव्हिल बहुतेक सगळे आगीला पूर्ण इम्यून असतात, अगदी छोट्या इम्पपासून. तुझ्या कथेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या लढाईत तुझी आग शून्य ठरेल. सॉर्सररला दुसऱ्या लेव्हलला मेटामॅजिक (स्पेलात बदल करायचं कसब) मिळतं, त्यात ट्रान्सम्यूटेड स्पेल घेतलास तर एक सॉर्सरी पॉइंट देऊन आगीचं डॅमेज थंडीचं किंवा विजेचं करता येतं. तू शेवटी इन्फर्नलच घेतलंस तर ते नक्की घे. मात्र तेवढ्यासाठी मेटामॅजिकची एक निवड जाते हे ध्यानात ठेव.

अ‍ॅबिसलमध्ये विषाला रेझिस्टन्स, पॉयझन स्प्रे हा कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल), तिसऱ्या लेव्हलला रे ऑफ सिकनेस आणि पाचव्या लेव्हलला होल्ड पर्सन मिळतो. विषाचं डॅमेज देणारे स्पेल मुख्य हत्यार म्हणून कच्चेच, कारण अनडेड, डीमन, डेव्हिल आणि यंत्रासारखे बरेच जीव विषाला इम्यून असतात. पण मुख्य हत्यार म्हणून तुझ्याकडे आग आहेच. आग जिथे चालणार नाही तिथे विष, विष चालणार नाही तिथे आग, आणि माणसांसाठी होल्ड पर्सन.

होल्ड पर्सनसाठी मी अ‍ॅबिसल सुचवते आहे. समोरच्याचा विज्डम सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की तो जागच्या जागी पॅरलाइझ होतो, आणि अशा माणसावर पाच फुटांच्या आतून वार लागला तर तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट. तुमच्याकडे फायटर आणि रोग दोघंही आहेत. रोगचा स्नीक अटॅक क्रिटिकल झाला की त्याचेही फासे दुप्पट पडतात. हा स्पेल फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जीवांवर) चालतो, म्हणून राक्षसांनी भरलेल्या डंजनमध्ये मी तो सुचवला नसता. तुमची गोष्ट दरबाराची आहे. तिथे शत्रू म्हणजे कारभारी, सरदार, भाडोत्री मारेकरी, माणसंच माणसं. कॉन्सन्ट्रेशन लागतं (मध्येच मार बसला तर स्पेल तुटू शकतो), तेवढं सांभाळ.

यात हिशेबाची आणखी एक बाजू आहे आणि नवे खेळाडू ती हमखास सोडून देतात. वारशातून आलेले स्पेल कायम तयार असतात, तयार स्पेलांच्या आकड्यात धरले जात नाहीत. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला दोनच स्पेल तयार ठेवता येतात आणि पुढेही ती यादी तोकडीच वाटते. त्यामुळे होल्ड पर्सन फुकट येणं म्हणजे एक जागा वाचणं. शिवाय लाँग रेस्टनंतर (लांब विश्रांतीनंतर) एकदा तो स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा) न खर्चता टाकता येतो. २०२४ च्या नियमात एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्चता येतो, आणि वारशातून फुकट टाकलेला स्पेल त्यात मोजला जात नाही. दुसऱ्या लेव्हलला मेटामॅजिकमधून क्विकन्ड स्पेल घेतलास, तर पाचव्या लेव्हलला सॉर्सरी पॉइंट देऊन होल्ड पर्सन बोनस अ‍ॅक्शनमध्ये फुकटातला टाकायचा आणि त्याच टर्नमध्ये अ‍ॅक्शन वापरून एखादा कॅन्ट्रिप टाकायचा, हे जमतं. क्विकन्ड वापरल्यावर त्या टर्नमध्ये पहिल्या किंवा त्यावरच्या लेव्हलचा दुसरा स्पेल मात्र चालत नाही. क्विकन्डची नेमकी अट डीएमबरोबर एकदा वाचून घे, म्हणजे ऐन लढाईत वाद नको.

आता विषाच्या रेझिस्टन्सकडे येते, कारण तो तुझ्या गोष्टीत किती खोल जाऊ शकतो हे बडोदेकराला वेगळं सांगायला नको. १८७४ साली इथले रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला आणि तो थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचं एकमत झालं नाही. तीन इंग्रज सदस्यांनी दोषी ठरवलं, तर जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. तरीही १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावरून गादीवरून दूर केलं. मग आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. नाशिककडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली मुलं आणली गेली आणि साधारण बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला. तेच सयाजीराव तिसरे. पदच्युत राजा, विषाचा पेला, रिकामी गादी, गावाकडून आणलेला मुलगा. तुमच्या डीएमनं हे डोक्यात ठेवूनच संस्थान रचलं असावं असं मला वाटतं.

अशा दरबारात विष पचवणारी बाई फार मोलाची. तुझी टीफलिंग राणीचं अन्न चाखणारी असू शकते. तिच्या ताटात विष आलं तरी डॅमेज निम्मं, म्हणून तिला नेमलं. आणि नेमलं म्हणूनच दरबाराच्या सगळ्या बातम्या तिच्या कानावर. एक बारकावा मात्र लक्षात असू दे: अ‍ॅबिसलचा गुण फक्त डॅमेज कमी करतो. पॉयझन्ड अवस्था टाळण्याच्या सेव्हवर अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणं) ड्वार्फ वंशाला मिळतो, टीफलिंगला नाही. म्हणजे ती सहसा मरणार नाही, पण घेरी येईल, हात थरथरतील. खेळायला हे पूर्ण सुरक्षित असण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आणि हा वारसा तिच्याकडे आला कुठून, हे तू ठरव, डीएमवर सोडू नकोस. जन्मानंच यायला हवा असं नाही. सॉर्सररची जादू एखाद्या करारातून, शापातून, कुणाच्या कृपेतून किंवा एखाद्या अनर्थाच्या जवळ राहिल्यानंही येऊ शकते. मी तुझ्या जागी असते तर दत्तक हाच धागा घेतला असता. गादीसाठी आणलेल्या मुलांमध्ये हिचा भाऊ होता, तो निवडला गेला नाही, आणि परतीच्या वाटेवर बापानं कुणाशी तरी करार केला. मोबदल्यात काय ठरलं ते तिला माहीत नाही. अशा वारशाला एक धनको असतो, जो कधीही दारात येऊन उभा राहू शकतो. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मेलेला असेल तर डीएमला त्याचं काही करता येत नाही. देणं फिटलेलं नसेल तर दर दोन-तीन बैठकींना तो तुझ्याकडे येईल.

दिसण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तू फाइन आर्ट्सची आहेस म्हणून सांगते. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं एकदा या नजरेनं बघून ये. दिवाणाच्या घरात माणसं कशी बसतात, कोण कुणापासून किती अंतरावर उभं आहे, दागिने, पगड्या. शिंगं आणि शेपूट असलेल्या बाईला अशा घरात कुठे उभं केलं जाईल, हे तिथे सुचेल.

एका छोट्या गुणाची लोक फार उपेक्षा करतात. प्रत्येक टीफलिंगला थॉमटर्जी हा कॅन्ट्रिप मिळतो, हवा तितक्या वेळा. दिव्याच्या ज्योती फडफडवणं, डोळ्यांचं रूप बदलणं, खिडक्या धाडकन उघडणं. आणि आवाज तिप्पट मोठा केलास तर मिनिटभर इंटिमिडेशनवर (धाक घालण्यावर) अ‍ॅडव्हांटेज. करिष्मा तुझा सगळ्यात मोठा आकडा असणार, इंटिमिडेशन हे स्किल सॉर्सररला घेता येतं. दरबारी गोष्टीत होल्ड पर्सनपेक्षाही हेच तू जास्त वापरशील, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

आसिमारबद्दल. वारसा सुंदर आहे: नेक्रोटिक आणि रेडियंट या दोन प्रकारांना रेझिस्टन्स, हीलिंग हँड्स, तिसऱ्या लेव्हलपासून लाँग रेस्टमागे एकदा मिनिटभर पंख किंवा तेज. पंखांना कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, ही खरी चैन. पण तुमच्यात क्लेरिक आहे, म्हणून हीलिंगचं अप्रूप कमी, आणि ड्रॅकोनिकला पाचव्या लेव्हलला फ्लाय स्पेल तसाही मिळतो. क्लेरिक नसता आणि गोष्ट स्मशानांची असती तर मी उलट सल्ला दिला असता.

शिंगांवर तुझा जीव नसेल तर गोलायथही (जायंटांच्या वारशाचा वंश) बघ. क्लाउड जायंटचा वारसा घेतला की पहिल्या लेव्हलपासून बोनस अ‍ॅक्शनमध्ये तीस फूट टेलिपोर्ट, लाँग रेस्टमागे प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा, आणि तो स्पेल नसल्यामुळे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल रद्द करणारा स्पेल) त्याला अडवू शकत नाही. डी६ वाल्याला पळून जाता येणं फार मोठी गोष्ट आहे. फायटर घेणाऱ्या मित्रानं ऐनवेळी बार्बेरियन घेतला तर त्यालाही गोलायथच सुचव. बार्बेरियनच्या रेजमध्ये (रागाच्या आवेशात) स्पेल टाकता येत नाहीत, त्यामुळे स्पेल देणारे वारसे त्याच्या हातात अर्धे वाया जातात.

कागदावर लिहिताना दोन गोष्टी बघ. टीफलिंगचे स्पेल इंटेलिजन्स, विज्डम की करिष्मावर चालणार हे वारसा घेतानाच ठरवायचं असतं, करिष्मा लिही. आणि ड्रॅगनचा प्रकार सहाव्या लेव्हलपर्यंत नियमानं ठरवावा लागत नाही, पण डीएमला आधीच सांग की तो आगीचा असेल, म्हणजे त्याला खवल्यांची आणि त्या कराराची गाठ पहिल्याच बैठकीपासून बांधता येईल.