उभयचर विमान तलावात उतरताना उलटतं कसं? उद्या पवना धरणाच्या तलावावर अशी सेवा सुरू झाली तर बसावं का?

बसायचं का ते नंतर बघू. आधी 'पाणी मऊ असतं, फार तर शिंतोडे उडतील' हे डोक्यातून काढा. कट्ट्यावरच्या एका काकांशी याच वाक्यावरून माझं तीन रविवार वाजलंय. काका अजून हटलेले नाहीत.

पाणी हवेच्या साधारण ८०० पट घन असतं. विमान टेकतं तेव्हा वेग ५५-६० नॉट, म्हणजे ताशी १००-११० किलोमीटर. विमानाखाली होडीसारखे पोकळ तराफे असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. फ्लोटमधली चाकं आत असतील तर विमान होडीसारखं घसरत जातं. बाहेर राहिली तर पाणी त्यांना धरून ठेवतं आणि वरचं सगळं वजन पुढे धावतं. नाक खाली, शेपूट वर, क्षणात पालथं. फ्लोट बुडत नाहीत, म्हणून विमान तरंगतं. केबिन मात्र पाण्याखाली लटकते.

चाकं बाहेर राहतात ती सवयीने. धावपट्टीवरून उडालात, तलाव पंधरा मिनिटांवर, चाकं उचलायची राहिली. जमिनीवर उतरणाऱ्याला हिरवा दिवा दिसला की हायसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. बऱ्याच फ्लोटवाल्या विमानांत चार हिरवे दिवे म्हणजे चाकं खाली, धावपट्टीसाठी. चार निळे म्हणजे चाकं वर, पाण्यासाठी. काका म्हणतात, "मग भोंगा लावा." अहो, सूचना देणारा आवाज असतोच की! रोज ऐकून कान निर्ढावतात. पायलटने 'हे पाणी आहे, चाकं वर' असं मोठ्याने म्हणावं आणि आरशात चाक डोळ्यांनी बघावं. उलटी चूक, म्हणजे चाकं आत ठेवून डांबरावर उतरणं, बहुधा फ्लोटचा तळ खरवडण्यावर निभावते.

आरशासारखं निश्चल पाणीही वाईटच. उंचीचा अंदाजच येत नाही. अशा वेळी काठाला समांतर, इंजिनाला थोडी ताकद देऊन, नाक किंचित वर ठेवून मिनिटाला १५० फुटांच्या आसपास खाली येत राहायचं आणि पाणी आपोआप लागू द्यायचं. याला जागा भरपूर लागते. उन्हाळ्यात धरण आटलं की पाण्याखालचं वर येतं ते वेगळंच. उजनीत पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, तर बुंधे आणि जुन्या भिंती किती असतील!

तर बसा खुशाल, पण बसल्या बसल्या दाराची खिटी हाताने चाचपून ठेवा. उलटलंच तर एक हात चौकटीला घट्ट, दुसऱ्याने दार उघडायचं. पाण्याच्या दाबाने हललं नाही तर आत पाणी भरेपर्यंत दम धरा. पट्टा सगळ्यात शेवटी. आधी सोडलात तर तरंगत भलत्याच कोपऱ्यात जाल. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलंत तर ते तुम्हाला केबिनच्या जमिनीला चिकटवून ठेवेल, कारण तेव्हा जमीन वर असते.

हो, फ्लोटऐवजी पोटच होडीसारखं असलेल्या विमानांत दिवे आणि दारं वेगळी असतात. चाकांचं गणित मात्र तेच, काका.