हस्तक्षेप, ढवळाढवळ आणि मधात पडणं

धरमपेठेतल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. 'परकीय सत्तांची ढवळाढवळ' असं निबंधात लिहिलं, तर सरांनी खोडून 'हस्तक्षेप' केलं. दोन्ही एकच ना? आणि 'अहस्तक्षेप' म्हणजेच 'अलिप्तता' का?

सरांचं बरोबर आहे. 'न्यायालयाने हस्तक्षेप करावा' असं आपण सहज म्हणतो, पण 'ढवळाढवळ करावी' अशी विनंती कुणी करत नाही. हस्तक्षेप म्हणजे हात घालणं, आणि तो हात कधी बोलावलेलाही असतो. १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली, ती तिथल्या सरकारच्या संमतीने. ढवळाढवळ म्हटलं की लिहिणाऱ्याने निकाल देऊनच टाकला. शिवाय त्या शब्दाची घडण पळापळ, फेकाफेक यांसारखी. पळी एकदा फिरवून भागत नाही, पुन्हा पुन्हा फिरवावी लागते.

आपल्या नागपुरी बोलीतलं 'मधात पडणं', म्हणजे मध्ये पडणं, याहून लबाड. 'तू कायले मधात पडतं बे?' हे भांडण सोडवणाऱ्यालाही ऐकावं लागतं आणि चोंबड्यालाही.

नागपूरकरांना उदाहरण लांब शोधायला नको. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. कागदावर तो करारच. पण १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्सच १८२६ पर्यंत कारभार हाकत होता. याला ढवळाढवळ म्हणायलाही मी कचरतो. ढवळणाऱ्याच्या हाती पळी असते, इथे पातेलंच त्याच्या चुलीवर गेलं होतं! पुढे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य गेलं. त्याला शब्द वेगळा, 'खालसा'.

आता अलिप्तता. ती शीतयुद्धातल्या अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या गटांपासूनची. १९६१ च्या अलिप्त राष्ट्रांच्या बेलग्रेड परिषदेत बसलेला अलिप्त भारत १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्य घेऊन उतरलाच की. तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालायचे नाहीत. अहस्तक्षेप दुसऱ्याच्या घरातल्या कारभाराबद्दल असतो. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारातल्या पंचशीलाचं तिसरं तत्त्व तेच: एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणं. करार होता तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराचा, आणि सह्या करणाऱ्यांत तिबेट नव्हता.